पोशेऱ्याच्या माळावरचं फोल

जव्हारला जाऊन आलो असं सांगितलं की पुण्यातली माणसं ठरल्यासारखा एकच प्रश्न विचारतात, "हवा चांगली असेल नाही तिथली?" हवा चांगली आहे. हवेला काय धाड भरलीय! पण मी हवा खायला गेलो नव्हतो, गवताचं बी मोजायला गेलो होतो. एवढं सांगितलं की विचारणारा मिशीतल्या मिशीत हसतो आणि विषय बदलतो. आमच्या मंडळींनी तर तेवढीही भीड ठेवली नाही. निघायच्या दिवशी दशम्या बांधताना त्या म्हणाल्या की शेवटी गवतच उपटायचं होतं तर मॅट्रिकसाठी डोळे कशाला फोडून घेतले.

आमच्या लोकांना काशी-रामेश्वराची वाट तोंडपाठ असते, आणि ठाणे जिल्ह्याच्या डोंगरात कोण राहतं म्हटलं की ते वर आढ्याकडे बघतात. तेव्हा जे गेले नाहीत आणि कधी जाणारही नाहीत, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. त्यांनी घरी बसून वाचावं. कुसळं टोचणार नाहीत.

मी सरकारी शेतकी खात्यात कारकून, आणि हा उद्योग आमच्या गोऱ्या साहेबांच्या डोक्यातून निघाला. साहेबांना झाडापाल्याचं वेड आणि माणसांचा कंटाळा. त्यांचं म्हणणं असं की एकच गवत खाली दरीत उगवलं आणि वर माळावर उगवलं तर त्याचं बी सारखं राहत नाही. थंडी, वारा, धुकं, पाऊस यांनी ते बदलतं. दाणा लहान होतो की मोठा, त्याचं शेपूट लांबतं की आखडतं, शंभर दाण्यांचं वजन किती भरतं, याचा एक तक्ता त्यांना हवा होता. त्यासाठी त्यांनी कुसळी नावाचं एक गवत निवडलं, कारण ते खाली-वर सगळीकडे उगवतं. यात शास्त्र होतं, मी नाही म्हणत नाही.

पण शास्त्राच्या पाठीमागे घोडे उभे होते. विलायतेत लढाई जुंपलेली, रिसाल्याला वाळलं गवत पाहिजे. वरून हुकूम सुटला होता की ज्या सरकारी माळावर बी भरीव निघेल तो माळ बंद करून घोड्यांसाठी राखायचा, आणि जिथं बी फोल निघेल तो लोकांना सोडून द्यायचा. भरीव बी म्हणजे कसदार गवत, हा साहेबांचा सिद्धांत. घोड्यांना कोणी विचारलं नव्हतं.

आणि जायचं कधी? तर कार्तिकात. खात्याचं एक छापील पत्रक आहे, त्यात कोणतं गवत कधी पिकतं ते दिलेलं आहे. ते पत्रक पुण्याच्या आमच्या बागेत खुर्ची टाकून बसून केलेलं आहे. सगळ्या मुलखातल्या गवतांनी आमच्या बागेकडे बघून पिकावं अशी अपेक्षा होती. मला तेव्हा यात काही चूक दिसली नाही, हेही सांगून टाकतो.

जव्हार

डहाणूच्या स्टेशनापासून बैलगाडीत काय हाल झाले ते सांगत नाही. गाडीतल्या हालांची वर्णनं वाचून आजवर कोणाचं पोट भरलेलं नाही. जव्हार पठारावर बसलेलं आहे आणि चहूबाजूंनी जमीन एकदम खाली जाते. राजाचा वाडा, एक बाजार, कचेरी, आणि मग दऱ्या. संध्याकाळपर्यंत साऱ्या बाजाराला कळलं होतं की गवतवाला आलाय. पुण्यात शेजारचा मेला तरी तेराव्याला कळतं. इथं एका वाण्यानं माझ्यापुढे आपणहून एक भारा आणून टाकला आणि विचारलं, असलंच पाहिजे ना?

जव्हार म्हणजे संस्थान. त्यांच्या हद्दीतली काडी उचलायची तरी परवानगी पाहिजे. एका कारकुनासमोर मला तीन दिवस बसवलं. पहिल्या दिवशी अर्जाला उभी घडी होती, ती आडवी हवी होती. दुसऱ्या दिवशी कार्तिकी एकादशी. तिसऱ्या दिवशी त्यानं चष्मा पुसत विचारलं की बी नेणार म्हणजे किती गाड्या नेणार. मी खिशातून कागदाची पाकिटं काढून दाखवली. तो खिन्न झाला, संस्थानाचा अपमान झाल्यासारखा. मग सही करता करता म्हणाला, "गवत मोजायला माणूस पाठवतात, म्हणजे तुमच्या सरकारकडे माणसं फार झालीत." मी परवानगीला आडवी घडी घालून ती खिशात टाकली. 

धर्मशाळेतले ढेकूण मात्र बिनपरवाना चावत होते.

सामान उचलायला लहानू नावाचा माणूस मिळाला. जामसरचा शेतकरी, चाळिशीचा, अंगानं वाळका, बोलायला त्याहून वाळका. माझ्या पेटीत सोनाराचा तराजू होता, वजनाला गुंजा, एक भिंग, पाकिटं, आणि साहेबांनी दिलेलं उंची मोजायचं यंत्र. हे यंत्र ढग आले की जव्हारला जामसरच्या खाली नेऊन ठेवत असे. लहानू मला पहिल्यापासून 'तू' म्हणाला. मी रागावलो, त्याला समज दिली, त्यानं मान डोलावली आणि विचारलं, "तू चालशील का बसशील?" पुढं कळलं की या डोंगरात देवालाही तू आणि बैलालाही तू. मग मी स्वतःची समजूत घातली की दोघांच्या मधे कुठंतरी आपला नंबर लागत असेल.

जामसर

जामसरला भात कापणीला आलं होतं. खोलगट गाव, खाचरांत अजून ओल, बांधांवर आणि मागच्या उतारावर कुसळी कमरेएवढी उभी. तिचं बी बघायला लांब जावं लागत नाही, तेच तुम्हाला गाठतं. दाणा टोकाला सुईसारखा, आणि मागं बोटभर लांब काळं शेपूट. त्या शेपटालाच कुसळ म्हणतात. अर्धा उतार चढेपर्यंत माझं धोतर साळिंदराच्या पाठीसारखं झालं. एक कुसळ मोज्यातून टाचेत शिरलं. लहानूनं बोरीच्या काट्यानं ते काढलं. त्याच्या उघड्या पायांना काही झालेलं नव्हतं. मोजे घालून आल्याबद्दल त्यानं मला काही म्हटलं नाही, पण मोज्यांकडे बराच वेळ बघितलं.

या कुसळाचा एक गुण सांगतो, कारण या प्रवासात नाव ठेवायला जागा सापडली नाही अशी ही एकच गोष्ट. ओल लागली की ते शेपूट आपोआप पिळा देत फिरतं आणि दाण्याला जमिनीत घुसवतं. मी तळहातावर एक दाणा ठेवून पाण्याचा थेंब टाकला. शेपूट हळूहळू फिरायला लागलं. हातात जिवंत काही धरलंय असं वाटलं. मी चार वेळा करून बघितलं. लहानू शेजारी बसून तंबाखू मळत होता. तो म्हणाला, गुरांच्या तोंडात पण असंच फिरतंय. माझं कौतुक तिथंच संपलं.

जेवण लहानूच्या घरी. नागलीची भाकरी पहिल्या घासाला माती लागते, दुसऱ्या घासाला भाकरी लागते, आणि चौथ्या दिवशी तिच्यावाचून चालत नाही. सोबत उडदाचं वरण आणि कुटलेली मिरची. मिरचीत सुकट होती हे मला तिसऱ्या घासाला कळलं. लहानूची बायको चुलीपाशी बसून बघत होती, मी आवडीनं खातोय म्हणून तिला बरं वाटत होतं. मी गिळलं. प्रायश्चित्ताचं ज्यांना पडलंय त्यांनी बघावं. आमच्या आळीत पाहुण्याला वाढताना आधी गोत्र विचारतात आणि मग आमटी पातळ करतात, तेही आठवलं.

दुसऱ्या दिवशी उन्हात तराजू मांडून मी शंभर दाणे जोखले. लांब दाणा, बोटभर कुसळ, वजन बेताचं. तक्त्याचा पहिला रकाना सुबक भरला. लहानूच्या पाड्यावरची सात-आठ माणसं गोल करून बसली होती. सोनाराचा तराजू काढून हा माणूस गवत जोखतोय, हे त्यांना नातवंडांना सांगायला पुरेल.

पोशेरा

मोखाडा इंग्रजी हद्दीत. तिथं संस्थानाची सही चालत नाही आणि लागतही नाही. मोखाड्याहून पोशेऱ्याला चढायचं, आणि पोशेऱ्यावरून माळावर. मी गावच्या पाटलाच्या पडवीत उतरलो. पाटलाची चार खाचरं भाताची, वर उतारावर नागली आणि वरी. माणूस नम्र, पण नम्रपणात चतुर. जेवण झाल्यावर त्यानं हळूच विचारलं की हे कागद कशाचे. मी म्हणालो शास्त्राचे. तो म्हणाला की आजवर सरकारनं इथं जे जे मोजलं ते मोजून झाल्यावर सरकारचं झालं.

त्याच्याकडूनच मला कळलं की माळाच्या कडेला कातकऱ्यांची वाडी आहे, दहाबारा खोपटांची. जमीन कोणाच्याच नावावर नाही. खोपटावर गवत माळाचं. दिवाळीनंतर माळ कापायचा, भारे बांधायचे, डोक्यावर घेऊन खोडाळ्याच्या बाजारात न्यायचे, त्यावर उन्हाळ्यापर्यंत निभायचं. माळ बंद झाला तर वाडी उठली, असं तो सरळ म्हणाला. मी हात झटकले. म्हटलं, बी फोल निघालं तर तुमचं नशीब, भरीव निघालं तर सरकारचं. असली वाक्यं मला तेव्हा फार छान जमायची.

दुसऱ्या दिवशी माळावर गेलो. जमीन म्हणजे कातळावर घातलेली चार बोटं माती. वारा असा की टोपी एका हातानं धरायची आणि दुसऱ्या हातानं स्वतःला. जामसरला कमरेला लागणारी कुसळी इथं गुडघ्याच्याही खाली, तांबूस वाळलेली. मी तासभर तिच्यात फिरलो, आणि मोज्यांना एक कुसळ लागलं नाही. एकही नाही! मी खाली बसलो, भिंग लावलं. कणसावर दाणे होते, पण बिनशेपटाचे. चपटे, हिरवट पिवळे, गुळगुळीत. जोखले, तर शंभर दाण्यांनी तराजूचं पारडंसुद्धा हललं नाही.

माझ्या अंगावर काटा आला. हा शोध होता. थंडी आणि वाऱ्यानं कुसळ नाहीसं होतं, दाणा पोकळ पडतो! साहेबांच्या सिद्धांतावर मीच कळस चढवणार होतो. मी पाकिटं भरली, त्यांच्यावर नाव घातलं, तक्त्यात 'कुसळ: नाही' असं ठळक लिहिलं, खाली एक रेघ मारली. साहेबांच्या पुस्तकात तळटीप येईल आणि तळटीपेत माझं नाव येईल, हे मी तिथंच वाऱ्यात उभं राहून इंग्रजीत जुळवायला लागलो. लहानूला भिंगातून दाखवलं. त्यानं बघितलं, भिंग परत दिलं आणि विडी शिलगावायला आडोसा शोधत गेला. मी मनात म्हटलं, गाढवाला गुळाची चव काय.

थोड्या अंतरावर एक म्हातारी उकिडवी बसून काठीनं जमीन उकरत होती. तिचं नाव बुधी, वाडीतली. ती उठून आली, माझ्या पाकिटात डोकावली आणि विचारलं की काय येचतोस. मी सांगितलं, बी. ती हसली. तोंडात दोनच दात, पण हसणं भरपूर. मग माझ्या हातातलं कणीस घेऊन तिनं दोन बोटांत चुरडलं आणि फुंकलं. माझा शोध उडून गेला.

"यात बी नाय," ती म्हणाली. "हा नर हाय, भरतच नाय. बी कधीच गळलं. तू उशिरा आलास."

मी तिला खात्याचं पत्रक सांगायला लागलो. होय, खरंच सांगायला लागलो. कार्तिकात कुसळी पिकते, असं त्या बाईला, त्या माळावर उभा राहून! तिनं ऐकून घेतलं. मग माझ्या बाहीला धरून जिथं उकरत होती तिथं घेऊन गेली. मुंग्यांचं घर होतं. त्याच्या तोंडाभोवती काळ्या काड्यांचा एक गोल ढीग पडलेला. मी एक काडी उचलली. कुसळ होतं. जामसरच्यापेक्षा आखूड, पण चांगलं पिळाचं कुसळ. तिथं ओंजळभर पडली होती. मुंग्या दाणा आत नेतात आणि शेपूट तोडून दाराशी टाकतात. माझ्या तक्त्यात 'कुसळ: नाही'.

तिनं दोन वितींवर जमीन उकरली, आतून मूठ मूठ बी काढलं, जवळ ठेवलेल्या सुपात घेऊन वाऱ्यावर धरलं. माती गेली, काडी गेली, आणि सुपात लालसर, आखूड, घट्ट दाणे राहिले. अर्धं तिनं काढून घेतलं, अर्धं परत भोकात ओतलं आणि वरून माती सारली. मी विचारलं, हे कशाला. ती म्हणाली की निम्मं मुंगीचं, नाहीतर मुंगी घर उठवून जाते आणि पुढल्या वर्षी कुठं शोधायचं. आमच्या खात्यात एवढी अक्कल एखाद्याला असती तर मी हा लेख लिहायला बसलो नसतो.

आपल्या वाट्याचे दाणे तिनं माझ्या ओंजळीत दिले आणि मी ते जोखले. जामसरपेक्षा आकारानं लहान, आणि वजनाला चांगले सरस. ती शेजारी बसून सांगत होती. खाली ओल टिकते, म्हणून खालचं गवत आळशी, शेपूट वाढवत बसतं. वर पाऊस थांबला की कातळावरचं पाणी निघून जातं, ऊन आणि वारा सुरू. मग वरचं गवत घाई करतं. दाणा छोटा पण गच्च भरतं, जाड साल घालतं, आणि वारा उलटायच्या आत सगळं एकदम टाकून मोकळं होतं. कधी टाकतं, तेही तिनं नेमकं सांगितलं. एका देवाच्या दिवसावरून ते मोजतात, आणि तो दिवस होईपर्यंत माळाला विळा लावत नाहीत. साहेबांना तक्त्यात जे हवं होतं ते तिनं तंबाखूची पिंक टाकायच्या आत सांगून संपवलं. भिंग नाही, गुंजा नाहीत, यंत्र नाही. मला लाज वाटली. दुसरा शब्द लावायचं कारण नाही, लाजच वाटली. लहानूकडे वळून मी रागानं विचारलं की तुला हे माहीत होतं तर बोलला का नाहीस. तो म्हणाला, तू कुठं इचारलंस.

बुधी त्या बियांचं काय करते हेही विचारलं. चिमूटभर नागलीच्या पिठात हे भरडून घालायचं आणि आंबील करायची. भात नसलेल्यांचा भात.

मग तिनं विचारलं, "मोजून झालं. आता काय होयेल?"

मी खोटं बोलू शकलो असतो. पाटलाला सांगितलं तसं शास्त्र म्हणून मोकळा झालो असतो. पण तिनं आत्ताच मला गाढव ठरवून वर बी दिलं होतं. मी सांगितलं. बी भरीव आहे, म्हणजे गवत कसदार, म्हणजे माळ बंद. घोड्यांसाठी. कापायचं नाही, चारायचं नाही, उकरायचं नाही.

ती सूप मांडीवर घेऊन बसली होती. रडली नाही, पाया पडली नाही. पाया पडली असती तर मला सोपं गेलं असतं. पाया पडणाऱ्यांना हुकूम दाखवून परत पाठवायची आम्हाला सवय आहे. शेवटी ती माझ्या पाकिटांकडे बघून म्हणाली, "मंग तुझं फोलच बरं होतं."

मोखाडा

पोशेऱ्याहून उतरताना माझ्या पेटीत दोन प्रकारची पाकिटं होती. एकात खरं बी, एकात नराचं फोल. मोखाड्याहून टपाल जायचं होतं. मी दीड दिवस त्या गावात काढला, आणि तिथलं काय बघितलं म्हणाल तर एक ओटा बघितला, ज्याच्यावर मी बसून होतो.

मी काही दयाळू माणूस नाही. ज्यांना मी ओळखतो ते याला दुजोरा देतील. दया आली असती तर प्रश्न चटकन सुटला असता. मला टोचत होतं ते निराळंच. खरं बी पाठवलं तर माझं नाव होणार होतं. उंचीवर दाणा लहान होतो पण भरतो, कुसळ आखडतं, साल जाड होते, गळायची वेळ अलीकडे येते. एका गवतात हवेनं केलेले इतके बदल! असा तक्ता आमच्या खात्यात कोणी केलेला नव्हता. फोल पाठवलं तर तक्त्यात 'कुसळ: नाही' राहणार, आणि आज ना उद्या कोणीतरी जाणता माणूस ते वाचून म्हणणार की हा कोण शहाणा, ज्याला नराचा दाणा आणि बी यातला फरक कळत नाही. ज्यानं जन्मभर दुसऱ्याच्या चुका काढल्या, त्यानं आपली चूक स्वतःच्या हातानं लखोट्यात घालून पाठवायची!

लहानूला मी हे काही सांगितलं नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी तो ओट्याखाली उभा राहिला आणि म्हणाला की जामसरला भात पडून आहे, तुझं काय ते लवकर कर. मग चार पावलं जाऊन परत आला. "ती बाय तुला बी देऊन चुकली," तो म्हणाला, "आता तू चूक."

त्या माणसाचं एवढं लांब भाषण मी पहिल्यांदाच ऐकलं.

मी फोलाची पाकिटं लखोट्यात घातली, तक्ता जोडला, खाली सही केली. ती सही पुण्याईची नव्हती, अपमानाची होती. खरं बी लहानूकडे दिलं आणि बुधीला पोचवायला सांगितलं. चांगली दोन वेळची आंबील होती, मुंग्यांच्या तोंडची. लहानू उलट पावली पोशेऱ्याला गेला. जामसरचं भात आणखी एक दिवस पडून राहिलं.

परत

खोडाळ्यावरून मी घाटाकडे निघालो. खोडाळ्याला बाजाराचा दिवस होता. मिरच्या, मीठ, मडकी, आणि एका कडेला गवताचे भारे ओळीनं मांडलेले. भाऱ्यांजवळ उभ्या असलेल्या बाया पोशेऱ्याच्या की आणखी कुठल्या, ते मी विचारलं नाही. एका भाऱ्यातून काडी उपटून दातात धरली, तर त्या बाईनं अशी नजर टाकली की मी काडी परत खोचली.

पुण्याला आल्यावर साहेबांनी बोलावून घेतलं. मला वाटलं, झालं, पकडलं. त्यांनी खुर्ची दिली. आमच्या खात्यात कारकुनाला खुर्ची देणं म्हणजे ग्रहणासारखं, क्वचित घडतं. माझा तक्ता त्यांना फार पसंत पडला होता. उंची वाढते तसं कुसळ नाहीसं होतं, हे त्यांना आधीपासून वाटतच होतं म्हणे! माझी मोजमापं नेहमीसारखी बिनचूक आहेत असा शेरा त्यांनी लाल शाईनं मारला. इतकी वर्षं मी खरी मोजमापं दिली, तेव्हा कधी शाईची बाटली उघडली नव्हती. पोशेऱ्याच्या माळापुढे 'निकृष्ट, सोडून द्यावा' असं लिहून त्यांनी कागद पुढे पाठवला.

आता ते पुस्तक छापून आलं आहे, इंग्रजीत, जाड पुठ्ठ्याचं. तळटीपेत माझं नाव आहे आणि नावासमोर ते बिनशेपटाचं गाढवपण आहे. घरी दाखवलं. नाव कुठलं ते विचारून मंडळींनी देवापुढे साखर ठेवली.  पुस्तक फडताळात वरच्या फळीवर आहे, आणि माझा हात तिकडे जात नाही.

पुढल्या साली साहेबांनी खात्री करायला आणखी एक हुशार गृहस्थ माळावर पाठवले. ते पत्रकाप्रमाणे कार्तिकातच गेले. त्यांनी माझ्यापेक्षा दुप्पट फोल गोळा केलं.

तुम्ही म्हणाल, मग हे आता छापून कशाला सांगतोस. साहेब मराठी वाचत नाहीत, आणि खात्यातले जे वाचतात ते आपलं नाव नसलेल्या पानावर थांबत नाहीत. शिवाय पोशेऱ्याला माळ पुष्कळ आहेत, यातला कुठला ते मी सांगितलेलं नाही. आणि बी नेमकं कधी गळतं तो दिवस बुधीनं मला सांगितला होता. पाठ आहे मला. तो दिवस मी लिहिलेला नाही.